देवमनचा बंगला आणि जिनाचा हिरवा रंग

अमरावतीहून बडनेऱ्याकडे निघालं की डाव्या हाताला जुन्या जिनाचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचं, धुराडं लागायचं. त्या धुराड्याच्या सावलीत, कलत्या उन्हाला, एक घर जेमतेम मावायचं. कुणी त्याला खोकं म्हणे, कुणी पेटी म्हणे. घराची मालकीण पंचफुलाबाई तर सरळ सरपणच म्हणे. पण देवमन तायड्यासमोर मात्र त्याला बंगला म्हणावं लागे. दुसरं काही तोंडातून निघालं की चहा मिळत नसे.

बंगल्याला खोल्या दोन. पुढे व्हरांडा, मागे मोरी. जोतं तेवढं दगडाचं, वर सगळं सागवान: फळ्यांच्या भिंती, फळ्यांचीच जमीन, आणि कवेलूच्या कौलारू छपराला खालून नक्षी कापलेली लाकडी झालर. जिन गोऱ्या कंपनीचं होतं तेव्हा यंत्रं बसवायला आलेल्या कुण्या साहेबाने ते बांधून घेतलं. सागवान मेळघाटातलं, परतवाड्यावरून बैलगाड्यांनी आलेलं. दाराच्या वरच्या पट्टीवर सुताराकडून इंग्रजी आकड्यांत १८८७ हे साल कोरून घेतलेलं. त्या साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली होती, त्याची ती आठवण. पुढे साहेब गेले, कंपनी गेली, जिन एका शेठने घेतलं, आणि त्या खोक्याचं काय करावं हे शेठला कळेना. तेव्हा ते जिनातल्या फिटरने, म्हणजे देवमनने, विकत घेतलं. त्यात पंचफुलाबाईच्या गळ्यातली सोन्याची एकदाणी गेली.

"तुमी बंगल्यात राहत असान," ती म्हणायची, "मी तं माया एकदाणीत राहून राहिली."

देवमन उंच, वाळकुडा, मान पुढे काढून चालणारा. दिवसभर जिनाच्या गोंगाटात राहून त्याला दोन सवयी लागल्या होत्या. कामावर मुळीच बोलायचं नाही आणि घरी आल्यावर ओरडून बोलायचं. त्यामुळे व्हरांड्यावरून बंगल्याची थोरवी निघाली की ती शेजारच्या वामनरावांच्या गोठ्यातल्या म्हशीपर्यंत पोचायची. म्हशीला ती पाठ झाली होती, असं वामनरावांची बायको दुर्गाबाई सांगत असे.

रविवारी देवमन व्हरांड्यात लोखंडी खुर्ची टाकून बसे आणि रस्त्याने जाणारं एखादं गिऱ्हाईक पकडे. व्हरांड्यात भिंतीलगत एक फळी मधोमध खोलगट झालेली होती, पाटासारखी. तिच्यावर बोट रोखून तो म्हणे, "ह्या फळीवर कमिशनर साहेब नाचला होता. मडमेसंगं. तवापासून फळी बसली."

वामनराव कुंपणावरून विचारत, "काहो देवमनभाऊ, मागच्या रविवारी तं कलेक्टर नाचला होता ना?"

"कलेक्टर बी नाचला. आंधी कमिशनर, मंग कलेक्टर."

"अन् दोघंही त्याच फळीवर?"

"बाकीच्या फळ्याईले काही होत नाही वामनराव. सागवान हाय!"

गिऱ्हाईक हसे, पण चहा पिऊन जाई. मग देवमन आवाज जरा खाली आणून, म्हणजे म्हशीऐवजी कुंपणापर्यंतच पोचेल इतका आणून, शेवटची गोष्ट सांगे. "आमचा बुढा, पुंजाजी, साहेबाच्या एकदम जवळचा. त्याच्याबिगर साहेबाले झोप येत नसे."

ही गोष्ट निघाली की वामनराव एकदम कुंपण सोडत आणि म्हशीला पाणी दाखवायला जात. गल्लीतल्या जुन्या माणसांना पुंजाजी आठवत होता. देवमनच्या सगळ्या थापांना त्यांच्याकडे उत्तर होतं, पण या एका वाक्याला कुणी कधी टोकलं नाही. तेवढी माणुसकी गल्लीत होती.

पंचफुलाबाईला मात्र माणुसकीपेक्षा जमिनीतल्या फटींची काळजी होती. थंडीत भिंतीच्या फळ्यांमधून वारं आत येई आणि चूल फुंकायचं काम वाचवी. पावसाळ्यात फळ्या फुगत, दार लागत नसे. उन्हाळ्यात त्या आक्रसत, मग लागलेलं दार उघडत नसे. बाराही महिने पाय ठेवला की जमीन कुरकुरे. देवमन पहाटे उठला, विडी शोधली, विडी सापडली नाही, हे सगळं दुर्गाबाईला तिच्या अंथरुणात कळे आणि सकाळी नळावर ती विचारी, "काय वं पंचफुले, विडीचं बंडल सापडलं का देवमनभाऊले?"

तरी हे सगळं चाललं होतं. बिघडलं ते अकोल्यामुळे.

पंचफुलाबाईचा भाऊ पंजाबराव अकोल्याला कारकून होता. देवमनचा मुलगा धर्मपाल त्याच्याकडेच शिकायला होता. या पंजाबरावाने अकोल्यात सिमेंटचं घर बांधलं, वर स्लॅब टाकला, खाली फरशी बसवली, आणि घरभरणीला बहिणीला बोलावलं. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि पंचफुलाबाई दुपारभर त्या फरशीवर अनवाणी फिरत राहिली. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, पुन्हा पहिल्या खोलीत. जमीन एकदाही कुरकुरली नाही.

परत आली ती मोटारीतून उतरून तरातरा चालत घरी, आणि पिशवी दारातच आपटली. देवमनने ओळखलं, आता पाऊस नाही, गारा.

"दादाच्या घरी साखर सांडली तं बोटानं टिपून घेतली," ती चुलीपाशी बसत म्हणाली. "आपल्या इथं कालचा चमचा कोठी गेला?"

"फटीतून गेला असन."

"व्हय. आता उंदीर त्यानं चहा ढवळून राहिले. ऐकून घ्या. मले शिमिटाचं घर पायजे. दादाचा ठेकेदार याले तयार हाय."

"पंचफुले, अवं हे घर काही साधं हाय का? राणीच्या टायमाचं हाय! याची किंमत..."

"कोण सांगते किंमत? तुमीच सांगता, अन् वामनरावची म्हैस मान हालवते. कोणी शिकला-सवरलेला माणूस आणा, ज्यानं जुनी घरं पायली हायेत. त्यानं म्हटलं का या सरपणाले किंमत हाय, तं मी तोंड शिवून घेईन. नाही म्हटलं, तं उन्हाळ्यात जिन बंद झालं का पाडाचं. कबूल?"

"कबूल!" देवमन ओरडून म्हणाला. बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय कबूल केलं. असा माणूस आणायचा कोठून? त्याने आजवर ज्यांना बंगला दाखवला ते सगळे चहा पिणारे. किंमत सांगणारा त्यांत एकही नव्हता. तो उठून व्हरांड्यात गेला, भिंतीपाशी उभा राहिला आणि कितीतरी वेळ नुसता तिच्या फळ्यांवर हात फिरवत होता. घर पडलं तर काय पडेल, ते त्याचं त्याला माहीत होतं. पण ते सांगायची सोय त्याने स्वतःच ठेवली नव्हती.

नशीब म्हणा, जिनाच्या कामाने त्याला परतवाड्याला जावं लागलं. तिथे मोटार स्टँडवर एक साहेब उभे होते. कोट, चष्मा, शेजारी मोजणीच्या टेपा आणि काठ्या. केशवराव त्यांचं नाव. ते जुन्या वास्तूंच्या खात्यातले, नागपूरहून गाविलगडाच्या भिंती बघायला चिखलदऱ्याला निघालेले. एवढं कळायला देवमनला एक भजं खाण्याइतका वेळ लागला.

"साहेब, किल्ले तं तुमी लय पायले असान," तो म्हणाला. "लाकडाचा बंगला पायला का? राणीच्या सालातला. अमरावतीत."

केशवरावांनी चष्मा वर केला. "सागवानी? मूळ स्थितीत आहे?"

"एकदम!" देवमनने छातीवर हात ठेवला. "आठ दिवसांनी पाहा तं खरं, तुमी ओयखानच नाही!"

साहेबांना या उत्तरातला धोका कळायला हवा होता. पण मोटार सुटत होती. परतताना शनिवारी येतो, असं ते खिडकीतून म्हणाले.

आता सांगायचं म्हणजे, साहेब जुनं पाहायला येतोय तर जुनं तसंच राहू द्यावं, हा विचार देवमनच्याच काय, गल्लीतल्या एकाच्याही डोक्याला शिवला नाही. पोरीला पाहायला पाहुणे येणार असले तर तिला काय चुलीपुढच्या लुगड्यात बसवतात? घर राणीच्या काळातलं, पाहणारा नागपूरचा, म्हणजे त्याला नटवायलाच हवं. जिनात यंत्रांना द्यायचा हिरवा ऑइलपेंट उरला होता. शेठ म्हणाले, घेऊन जा. पाट्या रंगवणारा सूर्यभान पेंटर त्याच गल्लीत राहायचा. तो ब्रश घेऊन आला आणि बंगल्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "देवमनभाऊ, असं चमकवतो का साहेब आरशावानी त्यात पाहून भांग पाडन."

आणि चमकवला. फटींत लांबी, म्हणजे खडू आणि तेलाचं लुकण, भरली, नक्षीत लांबी भरली, खांबांवर कमळं काढली, झालरीला तांबडी किनार दिली. जे जे खोलगट होतं ते सपाट केलं आणि जे जे सपाट होतं ते हिरवं केलं. दारावरच्या पट्टीतले कोरीव आकडे त्याला खड्डे वाटले. तेही भरले. वरून मोठ्या हौसेने 'सुस्वागतम्' लिहिलं आणि पेंटर लोकांच्या रिवाजाप्रमाणे खाली रंगकामाचं साल टाकलं: १९६२.

दोन ठिकाणी मात्र सूर्यभानचं चाललं नाही. एक, स्वयंपाकाची खोली. दारात पंचफुलाबाई फुंकणी घेऊन उभी.

"आत पाय टाकू नोको सूर्यभान. त्या वासात मी भाकरी थापू का?"

"मावशी, साहेब येऊन राहिला..."

"साहेब काय माया चुलीवर बसाले येऊन राहिला?"

दुसरं ठिकाण म्हणजे व्हरांड्याच्या भिंतीतलं एक भोक. खोलगट फळीच्या वरच, खाली बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या जरा वर, रुपयाएवढं. भिंतीच्या पलीकडे स्वयंपाकाची खोली. या भोकाला कान लावून पंचफुलाबाईने आजवर व्हरांड्यातल्या सगळ्या गोष्टी ऐकल्या होत्या. कोण आलं, कोण काय बोललं, किती चहा टाकायचा, साखर घालायची की नाही, सगळं भोकातून ठरायचं. सूर्यभानने बाहेरून लांबीचा गोळा दाबला. आतून फुंकणी आली आणि गोळा त्याच्या सदऱ्यावर पडला. त्याने पुन्हा दाबला. पुन्हा फुंकणी. तिसऱ्या वेळी गोळ्याबरोबर आवाजही आला, "आता डोया फोडीन!"

शेवटी देवमनने तिथे एक खिळा ठोकला आणि तेलाच्या कंपनीचं कॅलेंडर टांगलं. त्यावर झोपाळ्यावर बसलेली बाई होती आणि भोक नेमकं तिच्या गळ्यामागे होतं.

शनिवारी केशवराव टांग्यातून उतरले आणि रस्त्यातच थबकले. कोवळ्या उन्हात बंगला ओल्या बेडकासारखा चकाकत होता. वामनराव आणि दुर्गाबाई स्वतःच्या ओट्यावर, समोरची माणसं समोरच्या ओट्यावर, सूर्यभान स्वतःची कला पाहायला थेट फाटकात.

"हे घर... याच वर्षीचं का?" साहेबांनी पट्टीवरचं साल वाचून विचारलं.

"नाही नाही साहेब, थो रंगाचा साल हाय. घर राणीचं हाय."

"मूळचं साल कोरलंय म्हणाला होता."

"कोरलं हाय ना. खाली हाय, लांबीत."

साहेबांनी भिंतीवर टकटक केली, झालरीकडे पाहिलं, कमळांकडे पाहिलं, आणि निःश्वास सोडून खुर्चीवर बसले. "तायडे, रस्त्यावरून तर मला वाटलं, जिनाचं एखादं मोठं यंत्र बाहेर काढून ठेवलंय." ओट्यावरून वामनराव खोकले. "यात जुनं काय राहिलं, ते तुम्हीच दाखवा आता."

देवमन खोलगट फळीपाशी सरकला. आपलं घर वाचवायला बोलावलेला माणूस आपल्याच रंगापुढे हात टेकून बसलेला पाहून त्याला दुसरं काही सुचेना. नेहमीचं तेच सुचलं.

"साहेब, ही फळी पाहा. कमिशनर साहेब नाचला होता हिच्यावर..."

"भिंतीला चिकटून? जोडीने?"

"बारीक होता साहेब. अन् आमचे वडील, त्या गोऱ्या साहेबाचे मोठे दोस्त. संगं बसणं, संगं उठणं. त्याईच्याबिगर साहेबाले झोप..."

"दोस्त कायचे!" झोपाळ्यावरची बाई बोलली.

साहेब दचकले. फाटकातल्या सूर्यभानला सगळं माहीत असूनही तो एक पाऊल मागे सरला.

"मामंजी आतला छताचा पंखा दोरीनं ओढत जात," कॅलेंडर पुढे म्हणालं. "बाहीर बसून. खोटं कायले सांगता शिकलेल्या माणसाले? आंधीच घर गेल्यात जमा हाय, आता इज्जत बी घालवता का?"

केशवराव उठले. त्यांनी कॅलेंडर हलकेच बाजूला केलं. भोकातून एक डोळा दिसला आणि लगेच गेला. साहेबांनी भोकात बोट घातलं आणि कडेवरून फिरवलं. खालची कड आत वळून गुळगुळीत झाली होती, विहिरीच्या काठावरचा दगड दोराने होतो तशी. लाकूड तिथे काचेसारखं लागत होतं. मग ते वाकले आणि त्यांनी खालच्या खोलगट फळीवर तळहात ठेवला.

"तायडे," ते म्हणाले, "ही झीज त्या पंख्याच्या दोरीची. आणि इथे... तुमचे वडील बसत?"

देवमनने फाटकाकडे पाहिलं, ओट्यांकडे पाहिलं. सगळी गल्ली कान देऊन होती. वामनराव उठले, दुर्गाबाईला म्हणाले, "चाल वं, म्हशीले पाणी दाखवू." दुर्गाबाई म्हणाली, "मंगाशीच पाजलं." तरी त्यांनी तिला उठवलंच.

"बसे," देवमन म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा व्हरांड्यात त्याचा आवाज कुंपणापर्यंत पोचला नाही. "भिंतीले पाठ लावून. दोरी कधी हातात, कधी पायाच्या अंगठ्याले. उन्हायाभर. आत जाची परवानगी नव्हती, आमाले कोठीच नव्हती तवा. मी दुपारी भाकर घेऊन येत जाओ. बुढा भाकर खाये तवा दोरी मी धरो. अन् उभा राहून या भोकातून आत पाहो."

"काय दिसे?"

"काही नाही. एक मच्छरदाणी दिसे, पांढरी. अन् तिपाईवर निळ्या काचेचा जग. त्यात पाणी." त्याने भोकाच्या कडेवर बोट ठेवलं. "लय थंड दिसे थे पाणी. बस, एवढंच घर म्या पायलं होतं. बाकीचं इकत घेतल्यावर पायलं."

कॅलेंडरामागे फुंकणी खाली पडल्याचा आवाज झाला. 

केशवराव भोकाकडे बघत शहाण्या माणसासारखे भिंतीला टेकले. सूर्यभान ओरडला, "साहेब, ओला हाय!" पण तोवर कोटाची उजवी बाही कोपरापासून खांद्यापर्यंत हिरवी झाली होती.

मग धावपळ झाली. पंचफुलाबाईने रॉकेलची चिंधी भिजवली आणि आतून हाक दिली, "इकडे आणा त्याईले, मोरीपाशी." असे साहेब स्वयंपाकाच्या खोलीत आले, आणि दारातच थांबले.

इथे ब्रश लागला नव्हता. वर्षानुवर्षांच्या धुराने आणि तेलाच्या हाताने भिंती गुळाच्या रंगाच्या झाल्या होत्या. फळी फळीत अशी बसली होती की खिळा कुठे दिसत नव्हता. नुसत्या लाकडी खुंट्या. आढ्याला पंख्याचे दोन पितळी आकडे होते. एकाला कांद्याची जुडी लटकली होती, दुसऱ्याला दुधाचं शिंकं. साहेबांनी बाही विसरून कांदे बाजूला सारले, आकडा पाहिला, खांबाचा सांधा पाहिला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा तेच सगळं पाहिलं.

"बाई, या लाकडाला काय लावता तुम्ही?"

"काय लावन? भाकर थापता थापता तेलाचा हात पुसते मी खांबाले. फडकं कोण धुवत बसन!"

"पुसत राहा," साहेब म्हणाले.

मग चहा झाला. साखर भरपूर होती, त्यावरून देवमनला काही अंदाज येईना. आजवर पंचफुलाबाईने इतकी साखर फक्त भावाला घातली होती. चहा संपल्यावर तीच पदर खोचून समोर उभी राहिली.

"साहेब, आमचा करार हाय. तुमी सांगा. या घराले किंमत हाय का नाही?"

देवमनने दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरली.

"सरकार म्हणून विचाराल तर नाही," केशवराव म्हणाले. "पंच्याहत्तरच वर्षं झालीत. शंभर भरल्याशिवाय आमच्या खात्याला त्याच्याकडे पाहता येत नाही. आणि पुढून तर..." त्यांनी स्वतःच्या बाहीकडे पाहिलं. "पुढचं न बोललेलं बरं. मी म्हणून विचाराल, तर गाविलगडावर मी चार दिवस राजांच्या भिंती मोजल्या. कुठला मजूर कुठे बसत होता, ते एका दगडाने मला सांगितलं नाही. इथे ते दिसतं. पण मला यावर काही लिहून देता येणार नाही. शंभर भरू द्या, मग बोलवा."

"म्हणजे पंचवीस सालानं," पंचफुलाबाई म्हणाली.

"हो. तेव्हा मी नसेन कचेरीत. दुसरं कुणी येईल."

साहेब गेले. हिरवी बाही टांग्याच्या बाहेर काढून, वाळत घालत गेले. देवमन पायरीवर बसला होता. सरकार नाही म्हणालं होतं, करार करार होता, आणि उन्हाळा काही लांब नव्हता.

पंचफुलाबाई आतून आली. तिच्या हातात फुटक्या बरणीची काच होती, एका बाजूने चिंधी गुंडाळलेली.

"घ्या."

"काय हे?"

"काच. खरडा."

"काय खरडू?"

"थो जिनाचा चिखल काढा भिंतीवरचा. आंधी दारावरची पट्टी, मंग झालर. एवढ्या सालात मले सांगता नाही आलं का, का तुमी त्या भोकातून पाहत होते म्हणून? कमिशनर नाचवत बसले लेकाचे!" ती वळली आणि तशीच पाठमोरी म्हणाली, "अन् पंचवीस साल काही लय नसतात."

त्या हिवाळ्यातले आणि पुढच्या उन्हाळ्यातले सगळे रविवार देवमनने काचेने भिंत खरडण्यात घालवले. खुर्ची आत गेली. ज्या व्हरांड्यात बसून तो थापा मारायचा तिथेच आता उकिडवा बसलेला दिसे, मिशीवर हिरवा भुगा. कुंपणावरून वामनराव विचारत, "काहो देवमनभाऊ, कोठपर्यंत आले?"

"आठापर्यंत."

"एक आठ का दोन आठ?"

"पयला आठ. सूर्यभाननं लांबी नाही भरली, शिसं ओतलं लेकानं."

सूर्यभान मात्र गावात सांगत असे की आपला रंग किती टिकाऊ आहे ते पाहायचं असेल तर तायड्यांकडे जा, माणूस महिनोन्‌महिने खरडतोय, निघत नाही.

होळीनंतर जिन बंद झालं आणि पंजाबराव अकोल्याहून ठेकेदाराला घेऊन आला. टेप घेऊन, नकाशाची गुंडाळी घेऊन. "जयभीम भाऊजी," म्हणत तो व्हरांड्यात चढला आणि अर्धी हिरवी, अर्धी भुरी भिंत पाहून ठेकेदाराला म्हणाला, "हे पाहा. आंधी हे पाडाचं."

"दादा," भोकातून आवाज आला. कॅलेंडर तेव्हा स्वयंपाकाच्या खोलीत गेलं होतं, दुधाच्या हिशेबाला. "हात नोको लावू. नागपूरचा साहेब सांगून गेला. पंचवीस साल या घराले कोणी बोट लावलं तं सरकार पकडून नेते."

"सरकार?" ठेकेदाराने टेप खिशात घातली.

"व्हय. मोठा साहेब होता. चार गाड्या आल्या होत्या संगं. गाविलगडापेक्षा हे घर भारी हाय म्हणे. मामंजीच्या फळीले तं त्यानं हात जोडले."

देवमनने खरडणं थांबवलं. मान पुढे काढून त्याने एकदा मेहुण्याकडे आणि एकदा भोकाकडे पाहिलं.

"पंचफुले," तो म्हणाला, "टांगा होता वं. एकच."

"तुमी खरडा," भोक म्हणालं.